मामांचा बंद भाव

शेअर बाजार बंद झाल्याशिवाय ज्यांचा दिवस सुरू होत नसे असे गृहस्थ मी आयुष्यात एकच पाहिले, आणि ते नेमके माझे मामेसासरे निघाले. सांगलीत त्यांचा फोटो स्टुडिओ होता. सकाळपासून ते पासपोर्टचे फोटो काढत, मुंजीच्या बटूंना हसवत, लग्नाचे अल्बम चिकटवत. पण हे सगळं आपलं हातपाय हलते राहावेत म्हणून. खरे मामा जागे होत ते दुपार कलल्यावर, मुंबईचा बाजार उठला की. त्यानंतर आज कोणत्या कंपनीचा शेवटचा भाव काय लागला हे कळेपर्यंत त्यांच्यापुढे ठेवलेला चहा तसाच गार होई, समोरच्या गिऱ्हाइकाला ते 'मान जरा डावीकडे' म्हणून सांगत आणि तो बिचारा मान डावीकडे करून बसून राही, आणि मामी आतून विचारत, "आला का तुमचा भाव? कुकर लावू का?" इतकं असून मामांकडे स्वतःचा म्हणाल तर एकही शेअर नव्हता. कधीच नव्हता. कुणी कारण विचारलं तर म्हणत, "पंचानं बॅट धरायची नसते."

हे वेड त्यांना कुठून लागलं ते मला नीटसं कळलं नाही. मामींच्या मते लहानपणी त्यांना कुणीतरी शिळी बातमी ताजी म्हणून सांगितली असावी आणि त्याचा धसका बसला असावा. वर्तमानपत्रात भाव येत, पण दुसऱ्या दिवशी सकाळी. आणि कित्येकदा आमच्या भागाकडे येणाऱ्या अंकातून नेमकं तेच पान गळालेलं असे. मामा तो पेपर हातात धरत नसत. 'कालची भाजी' एवढंच म्हणून तो मामींकडे सरकवत. दिवसाचा भाव त्याच दिवशी कळला पाहिजे, आणि आपल्याला कळला की तो गावाला कळला पाहिजे, असा त्यांचा धर्मच होता. म्हणून स्टुडिओच्या काचेच्या कपाटात, नव्या नवऱ्या आणि दुपट्यातली बाळं यांच्या फोटोंच्या बरोबर मधोमध, त्यांनी एक काळा फळा टांगला होता. त्यावर रोज संध्याकाळी पंचवीस-तीस कंपन्यांचे बंद भाव सुवाच्य अक्षरात लिहिले जात. ते वाचायला पेन्शनर, हळदीचे व्यापारी, कॉलेजातले प्राध्यापक आणि काही नुसतेच वाचायला येणारे, असे सगळे जमत. त्यातल्या कुणी "मग काय, घेऊ का विकू?" असं विचारलं की मामा फार दुखावत. ते म्हणत, "मी फोटो काढतो. नाक सरळ करून देत नाही."

मला त्यांचा पहिला परिचय झाला तो माझ्या लग्नात. लग्न साताऱ्याला होतं, आमच्याकडे, आणि मुहूर्त गोरज. अंतरपाट धरला गेला, भटजींनी घसा साफ केला आणि लाउडस्पीकरवरून सांगितलं, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे." कुणी आलं नाही. भटजींनी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना त्यांच्या आवाजात विनंती राहिली नव्हती. माझ्या सासऱ्यांनी चारी दिशांना माणसं पाठवली तेव्हा मामा कार्यालयासमोरच्या एसटीडी बूथमध्ये सापडले, डोक्याला फेटा, एका कानाला फोन आणि दुसऱ्या कानात बोट. मुंबईला त्यांचा एक शाळासोबती बाजाराजवळच्याच कचेरीत कामाला होता. तो रोज संध्याकाळी त्यांना फोनवर भाव वाचून दाखवी. त्या दिवशी लाइन लागत नव्हती, आणि लागली तेव्हा नेमकं 'शुभमंगल' तोंडावर आलेलं. निम्म्या कंपन्या झाल्यावर फोन ठेवणं मामांना शक्य नव्हतं. सगळ्या संपवून ते धावत आले, भाचीला हाताला धरून घेऊन आले, आणि अंतरपाटापलीकडे तिला उभी करताना तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटले. मला वाटलं, आशीर्वाद असेल. रात्री मी बायकोला विचारलं. ती म्हणाली, "सिमेंट दोनशे दहाला बंद, म्हणाले."

पुढे ते मला फार आवडू लागले. मी साताऱ्यात शाळेत भूगोल शिकवीत असे. सुट्टी लागली की आम्ही सांगलीला जात असू, आणि बायको माहेरी टेकली की मी मामांच्या स्टुडिओत जाऊन बसे. त्यांची एक पद्धत होती. भाव सांगणाऱ्यानं भाव तेवढा सांगावा, 'पडला' 'चढला' असं म्हणू नये. कारण विचारलं तर म्हणत, पडला म्हटलं की ऐकणारा घाबरतो, आणि घाबरलेल्या माणसाचा फोटो चांगला येत नाही. एकदा मी त्यांना म्हटलं, दिवसभर भाव वरखाली होतो, मग शेवटच्याच भावाचं एवढं काय कौतुक? मामांनी मला स्टुलावर बसवलं, दिवा लावला आणि फोटो काढला. मग म्हणाले, "आता तुम्ही इथं बसल्यावर किती तोंडं केलीत? जांभई दिलीत, नाक खाजवलंत, काचेपलीकडच्या त्या मुलीकडे पाहिलंत. पण फोटोत एकच आलं. बंद भाव म्हणजे त्या दिवसाचा फोटो." आता, मी कुठल्याही मुलीकडे पाहिलं नव्हतं, पण फोटो धुऊन आल्यावर पाहिलं तर मामांचं म्हणणं अगदीच खोटं नसावं असं बायकोचं मत पडलं.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा मामांनी कॉम्प्युटर घेतला. सांगलीत तेव्हा इंटरनेट हा शब्द लोक सांभाळून उच्चारत. मॉडेम फोन लावू लागला की आतून जो काही चिरका, घरघरता आवाज येई, तो ऐकून मामी पहिल्या दिवशी देवापुढे निरांजन लावून आल्या होत्या. मामांचा मात्र वेगळाच वैताग होता. भावाचं पान उघडायला गेलं की आधी वर एक जाहिरात उतरे, मग एक हसणारी बाई कपाळापासून हळूहळू हनुवटीपर्यंत येई, आणि तिची हनुवटी पुरी होईपर्यंत फोन तुटे. फोनचं बिल चालू, बाई अर्धी, आणि भाव कुठंच नाही. मामा स्वतः जन्मभर बायकांचे फोटो काढत आलेले, पण या बाईचा त्यांनी मनापासून तिरस्कार केला.

त्यांची सुटका केली इंजिनिअरिंग कॉलेजातल्या एका प्राध्यापकांनी. पासपोर्टच्या फोटोसाठी आले होते. मान डावीकडे करून बसल्या बसल्या त्यांनी मामांचं गाऱ्हाणं ऐकलं आणि सांगितलं की हे पान माणसांनी बघायसाठी आहे. ते चालवणाऱ्यांनीच दुसरा एक पत्ताही ठेवलाय, तो कॉम्प्युटरांनी एकमेकांशी बोलण्यासाठी. त्या पत्त्यापुढे कंपनीचं छोटं नाव आणि तारीख लिहून पाठवली की चित्र नाही, बाई नाही, नुसती एक ओळ परत येते: तारीख, बाजार उघडतानाचा भाव, दिवसातला सगळ्यांत वरचा, सगळ्यांत खालचा, आणि बंद भाव, मध्ये स्वल्पविराम देऊन. प्राध्यापकांनी तिथंच बसून एक छोटा प्रोग्राम लिहून दिला. संध्याकाळी तो चालवला की पत्त्यावर एकेका कंपनीची विचारणा जाई आणि उत्तरं प्रिंटरवर करकरत उतरत. प्राध्यापकांकडून मामांनी फोटोचे पैसे घेतले नाहीत; पुढं त्यांच्या मुलाच्या मुंजीचेही घेतले नाहीत.

त्या पत्त्यावर मामांचं प्रेमच बसलं. खिडकीशी जावं, हवं ते नेमकं मागावं, तेवढंच मिळावं आणि परत फिरावं, याहून सभ्य व्यवहार त्यांना माहीत नव्हता. मला एकदा म्हणाले, "मागितलं तेवढंच देतो. न मागता सल्ला देत नाही. असा माणूस मी सांगलीत पाहिला नाही." तारीख चुकीची पडली तर पलीकडून रिकामी ओळ येई, मामा लगेच "चूक माझीच" असं त्याला सांगत आणि पुन्हा टाइप करत. एकदा बाजाराला सुट्टी होती ते मामांच्या ध्यानात नव्हतं. तिकडून आदल्या दिवसाचेच आकडे परत आले आणि मामांनी तारीख न बघता ते फळ्यावर लिहून काढले. कुणाच्या लक्षातही आलं नाही. पण मामांच्या आलं, आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर भावांच्या वर ठळक अक्षरात माफीनामा लागला: 'काल परवाचेच भाव लिहिले गेले. क्षमस्व.' मामी फाटकाशी उभ्या राहून तो वाचत होत्या. मला म्हणाल्या, "इतकी वर्षं संसार केला, मला एकदा म्हणाले असतील तर शपथ."

फळा वाचायला येणाऱ्यांत जतकडचे एक सुभेदार होते. घराणं मूळचं मेंढपाळाचं. ते फौजेत गेले, सुभेदार होऊन परतले आणि पुन्हा मेंढरं आणि थोडी कोरडवाहू ज्वारी यांत रमले. फौजेतल्या एका साहेबाच्या सांगण्यावरून त्यांनी फार पूर्वी एकाच कंपनीचे शेअर घेऊन ठेवले होते. मिरजेच्या इस्पितळात त्यांच्या बायकोचे उपचार चालू होते. त्या कामाला आले की परतीच्या वाटेवर ते सांगलीत उतरत, फळ्यासमोर ताठ उभे राहत, आपल्या कंपनीची एक ओळ वाचत, मामांना रामराम घालत आणि जतची गाडी पकडत. दोघांत याहून जास्त बोलणं मी कधी ऐकलं नव्हतं. पण एखाद्या खेपेला सुभेदार आले नाहीत की मामा मला विचारत, मिरजेला काही जास्त तर नसेल ना.

तो दिवस मला चांगला आठवतो, कारण मी स्टुडिओतच होतो. प्रिंटरवर कागद उतरत होता आणि मामा एकदम थांबले. सुभेदारांच्या कंपनीचा भाव आदल्या दिवशी चार हजारांच्या वर होता. आज चारशेच्या आसपास आला होता. मामांना वाटलं फोनच्या लाइनमध्ये एक शून्य गळालं. त्यांनी पुन्हा मागवला. पुन्हा तोच. मग ते बराच वेळ हातात खडू घेऊन बसले. पण जे येईल ते लिहायचं हा नियम त्यांचाच होता. त्यांनी लिहिलं. आणि थोड्याच वेळात सुभेदार आले.

त्यांनी ओळ वाचली. खाली वाकून, जवळ जाऊन पुन्हा वाचली. मग दारात येऊन विचारलं, "ह्यो आकडा बरोबर हाय का?"

"दोनदा मागवला," मामा म्हणाले. "बरोबर आहे."

सुभेदारांनी मान हलवली, रामराम घातला आणि ते एसटी स्टँडकडे गेले. चालणं तसंच ताठ होतं. मामा मात्र दारातच उभे राहिले आणि मग, किती दिवसांनी कोण जाणे, मुंबईच्या त्या शाळासोबत्याला फोन लावायला आत गेले. तो पलीकडून हसला. म्हणाला, अरे, शेअर पडलेला नाही, कंपनीनं एका शेअरचे दहा केलेत. एकाचा भाव दहावा हिस्सा झाला, पण ज्याच्याकडे एक होता त्याच्याकडे आता दहा. जुने कागद पाठवले की नवे मिळतील. मामांनी फोन ठेवला आणि ते स्टुलावर बसले, जिथं गिऱ्हाइकाला बसवत तिथं. मला म्हणाले, "आकडा खरा होता हो. आणि मी त्या माणसाला खोटं सांगितलं."

सुभेदारांच्या वस्तीवर फोन नव्हता. मी म्हटलं, पत्र टाकू. मामा म्हणाले, पत्र पोचेपर्यंत ते काय करून बसतील? दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीनं आम्ही निघालो. मामींनी दशम्या बांधून दिल्या. त्यांनी विचारलं, संध्याकाळच्या भावाचं काय? मामा म्हणाले, आज फळा कोरा राहील. मामी दाराशी उभ्या राहून आमच्याकडे बघत राहिल्या. मला वाटतं त्यांना थोडी भीतीच वाटली.

कवठे महांकाळ गेलं आणि हिरवं संपलं. जतला उतरून चौकशी केली तेव्हा कळलं की वस्ती गावापासून बरीच आत आहे आणि तिकडे जायला पाण्याच्या टँकरशिवाय काही नाही. मग मी, मामा आणि ड्रायव्हर असे आम्ही टँकरच्या केबिनमध्ये बसून निघालो. ड्रायव्हर मध्येच कानडीत गाणं म्हणे. त्यानं मामांना विचारलं, पाव्हणं, कुठल्या खात्यातनं आलाय? मामा म्हणाले, "खात्यातून नाही. एक चूक पोचवायला आलोय." ड्रायव्हरला ते बहुधा पटलं, त्यानं पुढं काही विचारलं नाही.

वस्तीवर सुभेदार नव्हते, मेंढरांमागं गेले होते. त्यांची बायको दाराशी बाजेवर बसली होती, आजारानं सुकलेली, पण डोळे तरतरीत. सांगलीचे फोटोवाले म्हटल्यावर तिनं लगेच ओळखलं. म्हणाली, "कालधरनं बोललं न्हाईत बगा. जेवलं बी न्हाईत नीट. सकाळी ट्रंकंतनं ती कागदं काढून ठिवली आनि दलालाला सांगावा धाडलाय, ये म्हून." हा जतचा एक दलाल गेलं वर्षभर त्या शेअरच्या मागं होता आणि सुभेदार त्याला दाद देत नव्हते. आता त्यांनी आपणहून बोलावलं होतं. मी मामांकडे पाहिलं. एकाचे दहा झाल्याचं त्या दलालाला ठाऊक नसेल असं होणारच नव्हतं. जुने कागद तो नव्या भावानं उचलणार होता.

सुभेदार आले ते दलालाच्या आधी, एवढं आमचं नशीब. आम्हाला बघून त्यांना नवल वाटलं, पण ते फौजेतलेच. आधी पाणी दिलं, चहा सांगितला आणि मग समोर बसले. मामांनी सगळी गोष्ट सरळ सांगितली. आकडा बरोबर होता, पण तो एकटा सांगायचा नव्हता, एकाचे दहा झालेत हे त्याच्याबरोबर सांगायला हवं होतं, ते मला ठाऊक नव्हतं, ते मी विचारायला हवं होतं. मग दशमी हातात घेऊन त्यांनी तिचे तुकडे केले आणि ते परत जुळवून दाखवले.

"म्हंजी कळप दहा झाले," ते म्हणाले, "मेंढरं हायती तेवढीच."

"तेवढीच," मामा म्हणाले.

सुभेदार उठून आत गेले आणि ट्रंक लावल्याचा आवाज आला. दलाल आला तेव्हा त्यालाही चहा मिळाला. तो बोलायला सुरुवात करणार तोच सुभेदारांनी त्याला सांगितलं की काम काही राहिलं नाही, उन्हाचं उगाच यावं लागलं, माफ कर. तो एकदा मामांकडे, एकदा माझ्याकडे बघून फटफटीवर बसून गेला. त्यानंतर सुभेदार पोटभर जेवले. बायको त्यांना वाढायला उठली तेव्हा त्यांनी तिला बसवलं आणि स्वतः भाकरी घेतली. ती मामांना म्हणाली, "माझ्या दवापान्यासाटी ठिवलेत ते. इकलं असतं तर ह्यांनी मला कवा सांगितलं बी नसतं."

निघताना सुभेदार टँकरपर्यंत पोचवायला आले. त्यांनी मामांचा हात धरला. "येका सांगाव्यासाठी येवढ्या लांब कोन येतं, आवं," असं म्हणाले आणि टँकरचं दार उघडून धरलं. परतीच्या एसटीत मामा खिडकीशी बसले होते. बाजार उठायची वेळ झाली, उलटून गेली. मी मुद्दाम बघत होतो, पण मामांनी घड्याळाकडे पाहिलं नाही. त्यांना झोप लागली होती.

त्यानंतर फळ्यावर एक बदल झाला. आकड्यांखाली, गरज असेल तेव्हा, मामा साध्या मराठीत एक ओळ लिहू लागले. 'एकाचे दोन झाले आहेत, घाबरू नये.' 'लाभांश वजा झाल्याने भाव कमी दिसतो.' कधी काहीच कळलेलं नसलं तर 'कारण अजून समजले नाही, चौकशी चालू आहे.' त्या ओळीसाठी ते तास तास मुंबईला फोन लावत. पत्ता अजूनही मागितलं तेवढंच देत होता, पण मामा आता पूर्वीसारखं त्याच्या एकट्यावर विसंबत नसत. मला म्हणाले, "तो सज्जन आहे. पण त्याला मिरजेचं इस्पितळ माहीत नाही."

दोनेक वर्षांनी तो पत्ता बंद झाला. का झाला ते कळलं नाही. एका संध्याकाळी विचारणा गेली आणि उत्तर आलं नाही. मामांनी आठवडाभर रोज पाठवून पाहिली. तोपर्यंत फळ्यासमोरची गर्दीही विरली होती. टीव्हीच्या पडद्याखालून दिवसभर भाव सरकत असत आणि लोकांना बंद होण्याची वाट बघायचं कारण उरलं नव्हतं. मामा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. पण त्या आठवड्यानंतर मामींनी माझ्या बायकोला केलेला फोन ती अजून सांगते. मामींचा आवाज हळू होता, शेजारच्या खोलीत कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं बोलत होत्या. म्हणाल्या, "अगं, हल्ली संध्याकाळी मला घाटावर घेऊन जातात. बोलत काही नाहीत. पण माझा गुडघा दुखतो ना, म्हणून सावकाश चालतात."